हिरव्या कापडाची बांधणी

११ जानेवारी

आज खुणेची फीत ठरली. त्यांना तांबडी हवी होती. मी म्हटलं, हिरव्या कापडावर तांबडी फीत म्हणजे पुस्तकाचा पोपट होईल. ते हसले. शेवटी राखाडी ठरली. मग त्यांनी गुरुवारची दुपार मागितली आणि मी ती लवंगीच्या नावापुढे लिहून घेतली.

कोणी हे वाचलं तर त्याला वाटेल की मी पुस्तकं बांधते. म्हणून एकदा सरळ लिहून ठेवते. माझ्या मामेबहिणीने, अक्काने, इथे दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आहे. तिथे लवंगी आणि आणखी एक मुलगी, अशा दोघीजणी पैसे घेऊन पुरुषांना भेटतात. जाहिरातीत त्याला एस्कॉर्ट म्हणतात, लवंगी 'सोबत' म्हणते, अक्का नुसतं 'काम' म्हणते. मी फोन घेते. घटस्फोटानंतर तत्त्वज्ञानाच्या पदवीला एवढंच गिऱ्हाईक मिळालं.

नवीन माणसाने आपल्या कामाच्या जागेचा नंबर द्यायचा, असा आमचा नियम आहे. मी तिथे फोन करते आणि सांगते, "तुमचं पुस्तक बांधून तयार आहे." तो "पाठ कापडी आहे ना?" म्हणाला, की समजायचं माणूस सांगतो तोच आहे. युक्ती माझीच. वडिलांचा बाइंडिंगचा कारखाना होता, त्यामुळे ही थाप मला न अडखळता मारता येते. खरं नाव मी एकटी, एकदाच ऐकते. त्यानंतर ते विसरायचं आणि माणसाला टोपणनाव द्यायचं. 'शिंक' आहे, 'टाय' आहे, 'उद्या-कळवतो' आहे. हे 'छत्री'. आभाळ कितीही निरभ्र असो, हातात छत्री असतेच.

बाकीचे ते एक वाक्य म्हणून सुटतात. छत्रींनी मात्र पुढच्या वेळी विचारलं होतं, कापड कुठल्या रंगाचं घेताय. त्याला दोन वर्षं झाली. रंग ठरला, शिलाई ठरली, आतला अस्तराचा कागद ठरला. पुस्तकाचं नाव तेवढं ठरत नाही. एकदा त्यांनी विचारलं, आत काय आहे हो? मी म्हटलं, बांधणारा आतलं वाचत नसतो. ते म्हणाले, "म्हणूनच तुमच्याकडे द्यावंसं वाटतं."

ते कुठे काम करतात हे मी इथेही लिहिणार नाही.

१७ जानेवारी

माझं टेबल स्वयंपाकघराच्या खिडकीशी आहे. मध्ये हवेसाठी सोडलेली मोकळी जागा आणि पलीकडे जिन्याचा मधला टप्पा. येणाऱ्याच्या पाठोपाठ कोणी नाही ना, हे पाहणं माझं काम. म्हणजे मी पाहते ते कामाचा भाग म्हणून.

छत्री वेळेआधी आले. टप्प्यावर थांबून त्यांनी एकेक बूट दुसऱ्या पायाच्या पोटरीवर पुसला, आधी डावा, मग उजवा. छत्री डाव्या हातात, कारण उजवा खांदा वर जात नाही. कोटाची कॉलर उलटवून शिवलेली आहे. मशीनवर नव्हे, हाताने, इतक्या बारीक टाक्यांनी की उन्हाची तिरीप पडली तरच दिसावेत. मग ते माझ्या खिडकीच्या कोपऱ्यातून बाहेर गेले आणि लवंगीने दार उघडलं.

मी नियमाप्रमाणे रेडिओ लावला.

ते गेल्यावर लवंगी चहाला आली. ती कामानंतर कधी गुणगुणत नाही. आज गुणगुणत होती, आणि तेही बेसूर. तिने कप तसाच ओट्यावर ठेवला, चमचा साखरेच्या डब्यात ओलाच घातला. हे मी मनात काही धरून लिहीत नाही. चमचा खरोखरच ओला होता.

२५ जानेवारी

मला वाटतं मी लवंगीवर अन्याय करते. ती कष्टाळू आहे. आईच्या औषधपाण्याचं सगळं तीच बघते. मला 'मास्तरीणबाई' म्हणून चिडवते, पण माझा डबा राहिला तर आपल्यातलं अर्धं पुढे करते. तिच्याबद्दल माझी तक्रार नेमकी काय, हे आज नीट विचार करून पाहिलं. तक्रार अशी, की तिला माणसं ओळखू येत नाहीत. 'शिंक' आणि 'टाय' आणि ते, तिला तिघं सारखेच. मी तिला विचारलं होतं, ते कसे आहेत? ती म्हणाली, कोण, छत्री? बरा आहे, बोलतो फार.

काय बोलतात, ते मी विचारलं नाही. तो त्यांचा खाजगी प्रश्न.

२ फेब्रुवारी

'उजेड' नावाचं एक पान इंटरनेटवर चालतं. आमच्यासारख्या घरांत जाणाऱ्या पुरुषांचे फोटो तिथे टाकतात आणि 'ओळखा' म्हणतात. आजपर्यंत दुसऱ्यांचे जिने दिसायचे. आज आमचा दिसला. फोटो समोरच्या इमारतीतून काढलेला. जिन्याच्या जाळीतून पाठमोरा माणूस, कोट, हातात छत्री. तोंड दिसत नाही.

अक्काने आम्हा तिघींना बसवून सांगितलं: कोणी तिथे एक अक्षर लिहायचं नाही. चूक लिहिलेलं दुरुस्त करायचं नाही, बरोबर लिहिलेलं नाकारायचं नाही. "आपण बोललो की त्यांना कळतं की इथे बोलणारं कोणीतरी आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "विशेषतः तू. तुला चुकलेलं काही दिसलं की राहवत नाही."

मी छत्रींना फोन करून एवढंच म्हटलं, की खळ वाळायला वेळ लागेल, सध्या येऊ नका. त्यांना समजलं. "हवा खराब आहे का?" "आहे." "तुम्ही जपा," ते म्हणाले. ते 'तुम्ही' मला उद्देशून होतं की आम्हा सर्वांना, हे मी ठरवू शकले नाही.

४ फेब्रुवारी

उजेडवाल्यांनी माणूस 'ओळखला', आणि चुकीचा. मुलींच्या शाळेतले गणिताचे शिक्षक. त्यांच्याकडेही तसा कोट आहे, आणि त्या दिवशी ते आमच्याच इमारतीत आले होते, तिसऱ्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरांकडे. त्यांचा शाळेतला, फळ्यावर लिहितानाचा फोटो शेजारी लावला आहे. पालक त्यांना काढून टाका म्हणतात. एकाने त्यांच्या घराचा रस्ता दिला आहे. त्यांच्या मुलीने खाली लिहिलं, 'हे माझे बाबा नाहीत', आणि त्यावर लोक हसले आहेत.

मी दिवसभर वाचत होते. एका निरपराध माणसाची अब्रू जाताना आपण गप्प बसायचं, याला काय म्हणायचं? अक्काला विचारलं. ती म्हणाली, याला नियम म्हणायचं.

५ फेब्रुवारी

लवंगी आज भाजी निवडत बसली होती. काम बंद, म्हणून सगळ्याजणी स्वयंपाकघरातच. मध्येच ती म्हणाली, "मास्तरीणबाई, फीत राखाडीच ठेवली का शेवटी?"

मी म्हटलं, कसली फीत?

"तुमच्या पुस्तकाची. छत्री सांगतो ना मला सगळं. हिरवं कापड, अस्तराला मोरपंखी कागद. मागच्या खेपेला तर इतका हसत होता, म्हणे पुस्तकाचा पोपट होईल." तिने तो 'पोपट' त्यांच्यासारखा, जरा लांबवून म्हटला. चांगली नक्कल करते ती.

मी भाजीची देठं कागदात गुंडाळून टाकून दिली. मला डोकं दुखतंय असं सांगून लवकर घरी आले. खरोखरच दुखत होतं.

६ फेब्रुवारी

लिहिलं. खोट्या नावाने, पण शब्द सगळे खरे. जे लिहिलं ते इथे उतरवते, म्हणजे नंतर मला स्वतःशी फसवणूक करता येणार नाही:

'फोटोतला माणूस गणिताचे शिक्षक नाहीत. शिक्षक उजव्या हाताने फळ्यावर लिहितात. या माणसाचा उजवा खांदा वर जात नाही, म्हणून छत्री डाव्या हातात आहे. त्याच्या कोटाची कॉलर उलटवून हाताने शिवलेली आहे. तो जिन्यात थांबून बूट पोटरीवर पुसतो. कृपया निरपराध माणसाला त्रास देऊ नये.'

'कृपया' लिहू की नको यावर मी बराच वेळ घालवला. यात नाव नाही, कामाची जागा नाही. ओळख पटवणारं काही नाही. वर्णन केवळ शिक्षकांचं निर्दोषत्व सिद्ध करण्यापुरतं आहे.

पाठवल्यावर खूप हलकं वाटलं. न्याय केल्यावर असंच वाटत असावं.

७ फेब्रुवारी

दुपारपर्यंत ओळखलं. एका मुलाच्या आईने लिहिलं, 'खांदा वर न जाणारे आणि बारमाही छत्रीवाले मला एकच माहीत आहेत. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायचं असलं की मुलांनाच स्टुलावर चढवतात.' त्याखाली वाचनालयाचं नाव. त्याखाली त्यांचं. बालविभागाचे प्रमुख.

ते नाव मी केव्हाच विसरायला हवं होतं. पडद्यावर दिसलं तेव्हा कळलं की एक अक्षरही विसरले नव्हते.

आता सगळे 'लहान मुलांमध्ये असा माणूस' म्हणताहेत. शिक्षकांची माफी कोणीच मागितली नाही.

८ फेब्रुवारी

आज पान पुन्हा वरपासून वाचलं. दाताच्या डॉक्टरांनी लिहिलेलं आहे, की शिक्षक त्या दुपारी माझ्या खुर्चीत होते, हवं असेल तर एक्स-रे दाखवतो. खाली शाळेचा खुलासा, की शिक्षक कामावर राहतील. दोन्ही माझ्या लिहिण्याच्या आधीचे आहेत. माझ्या मजकुराच्या अगदी वर.

हे मी लिहिताना वाचलेलं होतं का?

मला आठवत नाही. मी प्रामाणिकपणे आठवून पाहते आहे. एक्स-रेचा विनोद ओळखीचा वाटतो, पण तो आज सकाळी वाचल्यामुळेही वाटत असेल.

९ फेब्रुवारी

अक्का फ्लॅट सोडते आहे. दुसरी मुलगी कालच गेली. लवंगी आपलं सामान भरत होती. मी चादरींच्या घड्या घालायला लागले. तिने फोन पुढे केला, माझा मजकूर उघडलेला.

"हे कोणी लिहिलं असेल?"

मी म्हटलं, समोरच्या इमारतीतलं कोणीतरी. ज्याने फोटो काढला तो.

"समोरून पाठ दिसते. टाके नाही दिसत." ती चादरीचं दुसरं टोक धरून उभी राहिली. "तो जिन्यात बूट पुसतो, हे मला माहीतच नव्हतं. मी दार उघडते तेव्हा ते पुसलेलेच असतात."

आम्ही घडी पुरी केली. मग तिने खिडकीकडे पाहिलं, माझ्या टेबलाकडे पाहिलं.

"दोन वर्षं तो माझ्याकडे येऊन तुमच्याबद्दल बोलायचा," लवंगी म्हणाली. "मला कंटाळा यायचा. पण मी म्हटलं, बोलू दे, दुसरीकडे कुठे बोलणार."

अक्काला ती सांगणार का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नियम नियम आहे, इथलं कोणाचं काही मी बाहेर नेत नाही. जाताना माझा डबा धुऊन ठेवून गेली.

ते माझ्याबद्दल बोलायचे, हे ती खोटंच सांगत असेल. मला बरं वाटावं म्हणून, किंवा वाटू नये म्हणून.

१३ फेब्रुवारी

त्यांचा फोन आला. नेहमीसारखंच, "बाइंडर का?"

मी हो म्हटलं.

ते म्हणाले, पुस्तक आता नको. राजीनामा दिला, तो वाचनालयाने घेतलाही. घरी बायको बोलत नाही, पण जेवण वाढते. मग म्हणाले, "एक सांगायचं होतं. लोक म्हणतात की आतूनच कोणीतरी सांगितलं. मी म्हटलं, कोणीही असेल, पण ते बांधणारं माणूस नव्हे. तुम्ही आतलं वाचत नाही."

मी काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "कापड आणलेलं आहे." तोंडातून तेच निघालं.

"राहू द्या," ते म्हणाले.

बायको. या सबंध दैनंदिनीत मी त्यांच्या बायकोचा एकदाही विचार केलेला नाही, हे आज मागची पानं उलटून पाहिल्यावर लक्षात आलं.

१९ फेब्रुवारी

फ्लॅट रिकामा झाला. किल्ली परत द्यायची म्हणून मी तिथेच होते, तेव्हा फोन वाजला. बाईचा आवाज.

ती म्हणाली, त्यांच्या फोनमध्ये हा नंबर 'बाइंडर' म्हणून आहे. त्यांचं एक पुस्तक तुमच्याकडे आहे ना? हिरव्या कापडाचं? घरी दोन वर्षं त्याच गप्पा चालल्या होत्या, कापड असं, फीत अशी, आणि अजून झालं नाही. ती हळू, शब्द मोजून बोलत होती. पत्ता विचारला. मी सांगितला.

"म्हणजे फोटोतलाच जिना."

"हो."

"म्हणजे ते बाइंडरकडे येत होते."

हा प्रश्न नव्हता. तरी ती उत्तराची वाट पाहत होती. मी म्हटलं, हो, बाइंडरकडे. तिने विचारलं, मग पुस्तक कधी न्यायला येऊ? मी परवाचा दिवस दिला.

म्हणजे तिलाही सांगितलं होतं. लवंगीला सांगितलं, तिला सांगितलं. माझ्या एकटीचं त्यात काहीच नव्हतं.

२० फेब्रुवारी

वडिलांचा शिकंजा, बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचा, माळ्यावरून काढला. स्क्रू गंजला होता, तेल घातलं. कापड बाजारात लगेच मिळालं. मोरपंखी कागदासाठी चार दुकानं हिंडावी लागली. फीत लवंगीच्या एका रुमालाची किनार होती, ती मागे राहिली होती, राखाडी. दुसरी शोधायला वेळ नव्हता.

आत काय घालायचं? कोणतंही पुस्तक घेतलं तरी ते मी निवडल्यासारखं झालं असतं. कोरे कागद घेतले. शिलाई रिकाम्या फ्लॅटमध्ये, जमिनीवर बसून केली. हात विसरले नाहीत. मैद्याची खळ केली, कणा चिकटवला, पुठ्ठे लावले. त्यांना हवी तशीच गोल पाठ काढली. वर नाव घातलं नाही, कारण ते ठरलंच नव्हतं.

अशा बांधणीला दाबाखाली नीट वाळायला दोन दिवस तरी हवेत. परवाऐवजी चार दिवसांनी या म्हणायला हवं होतं. वडिलांनी ही चूक कधी केली नसती.

२१ फेब्रुवारी

ती आली. मी खिडकीशी उभी नव्हते. म्हणजे होते, पण खळीचं भांडं खिडकीत ठेवलं होतं म्हणून.

माझ्याच वयाची असेल. हातात त्यांची छत्री. बाहेर लख्ख ऊन. तिच्या बाहीच्या कडेला दुमडून शिवलेलं होतं, आणि टाके मी लगेच ओळखले. ते टाके मी दोन वर्षं पाहत आले आहे.

तिने रिकामी खोली पाहिली. भिंतीवर पलंगांनी सोडलेले डाग, जमिनीवर शिकंजा, कातरणं, दोऱ्याचं रीळ. बराच वेळ पाहिलं. "इथेच बांधता?"

"सध्या आवराआवर चालली आहे."

मी पुस्तक काढून दिलं. तिने पाठीवरून बोट फिरवलं, फीत ओढून पाहिली, मोरपंखी कागद उघडला. "मोरपंखी," ती म्हणाली. "हो. असंच सांगत होते." मग पानं उलटली.

"कोरं आहे."

"आत काय असणार होतं ते त्यांनी सांगितलं नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली.

पुस्तक मिटताना तिचा अंगठा कण्याजवळ दाबला गेला आणि तिथे चिकटला. तिने तो सोडवला, पाहिला. नाकाशी नेला. मैद्याचा वास घरात कोणाला ओळखू येत नाही?

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "आणि खळ ओली आहे."

मी म्हटलं, "हवेत दमटपणा आहे."

तिने खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं आता ती ते माझ्या हातात परत देईल आणि खरं विचारेल, आणि मी सगळं सांगेन, माझा मजकूर, तो खांदा, ते बूट, सगळं. मी तयार होते. माझी तशी इच्छाच होती.

"असेल," ती म्हणाली. "हल्ली हवेचा काही भरवसा नाही."

पैसे विचारले. मी म्हटलं, मिळाले आहेत. तिने अंगठा पदराला पुसला, पुस्तक छातीशी धरलं आणि निघाली. दारात वळून म्हणाली, "त्यांना सांगेन, छान झालंय म्हणून."

मी खिडकीशी गेले. ती टप्प्यावर थांबली नाही, वर पाहिलं नाही. पुस्तक तिने दोन्ही हातांनी धरलं होतं, छत्री काखेत.

आणखी एक दिवस शिकंज्यात राहिलं असतं तर पुठ्ठा वाकला नसता. आता तो वाकणारच. आता ते तिच्या घरी वाळेल.